थायरॉईड निघाला नाही

"थायरॉईड अगदी नॉर्मल आहे तुमचा," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि रिपोर्टचा कागद त्यांनी माझ्याकडे फिरवला.

त्यांना वाटलं असणार, बाई आता हुश्श करेल. मी मात्र हिरमुसले. बाहेरच्या बाकावर बसून मी देवाला उलटंच साकडं घातलं होतं की काहीतरी निघू दे. फार मोठं नको, पण नाव असलेलं काहीतरी निघू दे.

टीएसएच नावाची ही रक्ताची तपासणी. थायरॉईड ही गळ्यातली ग्रंथी, आणि तिला काम करायला लावणारं जे हॉर्मोन ते टीएसएच. ते रक्तात वाढलेलं दिसलं की समजायचं, ग्रंथी सुस्तावली आहे. मग माणूस थकतो, केस गळतात, अंग जड होतं, वजनही थोडंफार वाढतं. माझी लक्षणं सगळी जुळत होती, आकडा तेवढा जुळला नाही.

"लॅबवाल्यांची काही चूक झाली असेल का हो?" मी विचारलं.

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला थायरॉईड हवा होता का?"

मी मान खाली घातली. हवा होता. कारण गावात तो आधीच जाहीर होऊन बसला होता.

मी किन्हवलीच्या पलीकडच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. लहान पोरांची वजनं करायची, त्यांना गरम खिचडी खाऊ घालायची, आयांना सकस आहार समजावून सांगायचा, हे माझं काम. आमच्या पोरांतली बरीच हडकुळी. कुणी 'मॅम'मध्ये, म्हणजे मध्यम कुपोषित, एखाददुसरं त्याच्याही खाली. आणि त्यांच्या मधोमध मी. लग्नात बारीक होते असं कुणाला सांगितलं तर फोटो दाखवावा लागतो.

वजन एकाएकी वाढलं नाही. माझी आई मुरबाडकडे, माझ्या माहेरी भावाजवळ असते. तिला अर्धांगवायू झाला आणि दर शनिवारी माझी मुरबाडची फेरी सुरू झाली. त्याच सुमारास वरच्या वाडीवरच्या अंगणवाडीचा ज्यादा चार्ज माझ्याकडे आला. आमच्याकडे मदतनिसाची जागाही रिकामी, त्यामुळे खिचडी शिजवायची मीच आणि माहिती मोबाइलमध्ये भरायची तीही मीच. वाडीवर नेटवर्क नाही. भरलेली माहिती जायची नाही, मग मी घरी येऊन ओट्याशी उभ्याउभ्या पुन्हा भरत बसायची. झोप तुटक झाली. अंथरुणाला पाठ टेकली की आई डोळ्यांसमोर यायची.

आणि मी खायला लागले. भुकेनं खाल्लं असतं तर निदान तसं म्हणता तरी आलं असतं. सकाळी चहाबरोबर दोन टोस्ट, त्यानंतर तीन वाजेपर्यंत काही नाही. तीनच्या पुढे मात्र तोंड थांबायचं नाही. आईला पाहून परत निघाले की मुरबाडच्या स्टँडवर वडापाव घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून खायची. ओळखीचं कुणी दिसलं तर उरलेला पदराखाली. तो गार वडा पदराखाली धरून गाडीत बसायची, तेव्हाची लाज मला आजही अंगावर जाणवते. तरी पुढच्या शनिवारी तेच.

उपाय म्हणून मी काय केलं असेल? उपास. सोमवार होता, त्यात गुरुवार धरला, वर चतुर्थी. देवही खूश आणि वजनही कमी, असा हिशेब. साबुदाण्याची खिचडी, तळलेला बटाटा, दाण्याची आमटी, वरईचा भात. माझी थोरली जाऊ, मी तिला वयनी म्हणते, ताटाकडे बघून म्हणाली, "एकादशी अन् दुप्पट खाशी. उपास सोड गो बाय, म्हंजे तरी बारीक होशील." मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. उपासांनी वजन वाढलंच.

वयनीचं निराळंच. एका चुलीवरचं, एका तव्यावरचं आम्ही खातो. माझ्या दोन भाकऱ्या तर तिच्या तीन. वालाचं बिरडं असलं की भाताचा डोंगर करते, वर पोरांच्या ताटातलं उरलेलं पुसून घेते. आणि अंगानं कशी, तर वेळूची काठी. आम्ही दोघी शेजारी जेवायला बसलो की पाहुण्यांना वाटायचं, मीच तिच्या वाटणीचं खाते.

आता खरी गोष्ट. अंगणवाडीचा नियम आहे, शिजवलेलं अन्न पोरांना वाढण्याआधी सेविकेनं चव घ्यायची. मीठ किती, डाळ शिजली का, काही वास तर येत नाही ना, हे बघायचं. पूर्वी मी ओट्यावर उभी राहून सगळ्यांदेखत वाटीभर खात असे. पुढे माझं अंग वाढलं आणि बायांसमोर तोंड हलवायचं जिवावर यायला लागलं. बारक्या पोरांच्या ओळीसमोर एवढ्या थोराड बाईनं खिचडी खायची, कसं दिसेल ते? म्हणून मी आतल्या खोलीत जाऊन, दार ढकलून चव घ्यायला लागले.

कुणीतरी फटीतून पाहिलं. मग काय, गावाला कारण सापडलं. ताईचं अंग कशानं भरलंय? पोरांच्या खाऊनं.

हे मला कळलं ते वयनीकडून. गिरणीवर दळण घेऊन गेली होती, तिथे वाडीवरच्या हिरानं सगळ्या बायांमध्ये ते बोलून दाखवलं. हिराचा धाकटा रोशन माझ्याच अंगणवाडीत येतो. तीन वर्षांचा, पण दोनाचा वाटतो. दर महिन्याला त्याचं वजन करून मी तो आकडा मोठ्यानं बोलायची आणि वर विचारायची, "घरी काही खायला घालतेस की नाही?" हिरा म्हणायची, "घालते ताई. अंगाला लागत नाय त्याच्या." मला ती थाप वाटायची. गिरणीवर तिनं जे केलं ते त्याचंच उट्टं होतं, हे मला तेव्हा समजलं नाही. तेव्हा नुसती रडले.

वयनी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नाही. तिनं तिथल्या तिथं सांगून टाकलं, "तिला थायराट झालाय. म्हाईत नसलं तर बोलू नये." तिच्या बहिणीला थायरॉईड आहे, म्हणून तिला तो शब्द ठाऊक. घरी येऊन मला म्हणाली, "बंद केली सगल्यांची तोंडं."

आणि खरंच बंद झाली. दुसऱ्या दिवसापासून बायांचा सूर बदलला. कुणी म्हणाली, कोबी खाऊ नका ताई. कुणी धण्याचं पाणी प्यायला सांगितलं. हिरासुद्धा दारात घुटमळली आणि म्हणाली, "दुखतं का वो गळ्यात?" मी म्हटलं, "कधी कधी." गळा माझा कधीच दुखला नव्हता. पण चोर म्हणवून घेण्यापेक्षा आजारी बरी, असं मला वाटलं.

पुढच्या शनिवारी मुरबाडच्या स्टँडवर मला चक्कर आली. खाली बसले ती उठवेना. दोन अनोळखी बायांनी धरून बाकावर बसवलं. त्यातली एक दुसरीला हळूच म्हणाली, "दोघींनी नाय उचलायची ही." ते मी ऐकलं. भावाला फोन करावासा वाटला नाही, डोळे मिटून बसून राहिले. सोमवारी वयनीनं मला पकडून शहापूरला एका खासगी दवाखान्यात नेलं.

तिथे आधी वजन. पोरांचं वजन करण्याआधी त्यांचे स्वेटर, टोपडी काढायला मी आयांना सांगत असते. त्या दिवशी मी चपला काढल्या, पर्स वयनीकडे दिली, मनगटातलं घड्याळही काढलं. बांगड्यांना हात घातला तेव्हा वयनी म्हणाली, "चामडी पन काढ आता." सिस्टरनं आकडा मोठ्यानं वाचला. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मान वर करून पाहिलं. एवढंच झालं. पण माझे कान तापले आणि का कोण जाणे, मला एकदम हिराचा पडलेला चेहरा आठवला.

डॉक्टरांनी तीन तपासण्या लिहून दिल्या. टीएसएच, एचबीएवनसी आणि पोटाची सोनोग्राफी. एचबीएवनसी म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांत रक्तात साखर सरासरी किती राहिली, ते सांगणारी तपासणी. एका दिवसाचा उपास करून ती फसवता येत नाही. रिपोर्ट यायला दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांतही माझं थायरॉईडसाठीचं साकडं चालूच होतं.

थायरॉईड नॉर्मल. साखर मात्र काठावर, ज्याला ते प्रीडायबेटिस म्हणतात. मधुमेह झालेला नाही, पण उंबऱ्याशी येऊन उभा आहे. आणि फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी साठायला लागली आहे.

"काल दिवसभरात काय खाल्लं ते सांगा," डॉक्टर म्हणाल्या.

मी पोपटासारखं सांगितलं. दोन भाकऱ्या, भाजी, थोडा भात, ताक. आयांना जे शिकवते तेच म्हणून दाखवलं.

त्यांनी लिहून घेतलं. मग पेन ठेवून शांतपणे विचारलं, "आणि कुणी बघत नसताना?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी आधी हसले, मग रडू फुटलं ते थांबेना. वडापाव, पदर, भिंत, आतल्या खोलीचं दार, सगळं सांगितलं. वयनी शेजारीच बसली होती. तिच्यासमोर सांगायची फार शरम वाटली. ती मात्र पंख्याकडे बघत बसली आणि बाहेर आल्यावर त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही.

डॉक्टरांनी जे समजावलं ते मला जमेल तसं सांगते, कारण माझ्यासारख्या आणखी कुणी असतील. सततच्या ताणात शरीर कॉर्टिसॉल नावाचं हॉर्मोन जास्त सोडतं. संकट आलं की अंगात बळ आणणं हे त्याचं काम. पण संकट रोजचंच झालं तर ते भूक चाळवतं, तीही गोडाची आणि तळलेल्याची, आणि पोटाभोवती चरबी साठायला हातभार लावतं. झोप कमी पडली की त्यात भर. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी एकदम खाल्लं, की मन म्हणेल तिथे हात थांबत नाही. "तुम्ही हावरट नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही दमलेल्या आहात आणि भलत्या वेळी जेवता. पण खाणं तुमचंच आहे, ते तुम्हालाच बदलावं लागेल." पहिल्या दोन वाक्यांनी बरं वाटलं. तिसरं घरी येईपर्यंत टोचत राहिलं.

मी वयनीकडे बोट दाखवून विचारलं, "मग हिला का नाही चढत?"

वयनी म्हणाली, "माजं काय काढतेस?"

डॉक्टर हसल्या. एकच जेवण दोन शरीरांना सारखं लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. आईबापाकडून आलेली ठेवण असते, कुणाचं शरीर बसल्याबसल्याही जास्त खर्च करतं, कुणाचं राखून ठेवतं. झोप, वय, बाळंतपणं, अंगमेहनत, सगळं त्यात येतं. "तुमच्या आईची अंगकाठी कशी?" मी म्हटलं, आईची, मावशीची, सगळ्यांची अशीच थोराड. "मग तुम्ही या वहिनींसारख्या होणार नाही. व्हायचंही नाही. आपल्याला साखर खाली आणायची आहे." आणि वयनीला म्हणाल्या, "बारीक आहात म्हणून तुम्हालाही सूट नाही, एकदा साखर तपासून घ्या." वयनीचा चेहरा बघण्यासारखा झाला.

गोळी एकही दिली नाही. सकाळी पोटभर न्याहारी, वेळेवर जेवण, साबुदाण्याचे उपास बंद, रोज चालणं, झोप. आणि शेवटी म्हणाल्या, "जे खाल ते ताटात वाढून, बसून, माणसांत खा." मला वाटलं, यापेक्षा दहा गोळ्या परवडल्या असत्या.

परतीच्या जीपमध्ये मी वयनीला विचारलं, "आता गावात काय सांगायचं?"

"थायराटच सांग. कोन कागद बघाया येतंय?"

तिचं बरोबर होतं, कुणीच आलं नसतं. थायरॉईड नाही म्हटलं, की बायांच्या लेखी एकच अर्थ उरत होता. मग मी चोर. मी पोरांच्या तोंडचा घास खाणारी. त्या बायांनी पोरं पाठवणं बंद केलं तर माझी नोकरी राहिली काय आणि गेली काय, मला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून मी गप्प राहिले आणि खोट्या आजाराची विचारपूस खाली मान घालून ऐकत राहिले.

बाकी सांगितलेलं मी पाळलं. सगळं नाही, पण बरंचसं. सकाळी नाचणीची भाकरी आणि भाजी खाऊन निघते. वाडीवर चालत जाते. भावाला स्पष्ट सांगितलं की दर शनिवारी जमणार नाही, एका आड एक येईन. तो घुम्यासारखा बसला, पण भावजयीनं त्याला समजावलं. स्टँडवरचा वडापाव सुटला असं छातीठोक सांगवत नाही. मात्र आता घेतला तर एकच घेते आणि लोकांकडे तोंड करून खाते. पुढच्या तपासणीत साखर उंबऱ्यावरून जराशी मागे सरकली. वजन उतरलं ते असं, की मी सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येऊ नये. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही, आणि वयनीचे तर फेडताच येणार नाहीत.

पण हे सगळं लिहायला बसले ते वजनाच्या दिवसामुळे.

दवाखान्यातून आले त्याच महिन्यात पोरांची वजनं करायला आयांना बोलावलं होतं. रोशनचं वजन मागच्या महिन्याएवढंच भरलं. मी या वेळी आकडा मोठ्यानं बोलले नाही, वाकून हिराच्या कानात सांगितला. तिनं चमकून माझ्याकडे पाहिलं. मग बाकीच्या बाया ऐकत असताना म्हणाली, "ताई, याचं पन रगत तपासाया पायजे. तुमच्यावानी."

"माझ्यासारखं म्हणजे?"

"थायराट. तुमी थोडं खाता तरी तुमच्या अंगाला लागतं. याला किती घाला, लागत नाय. रोग त्योच असंल, उलटा. मी शापूरला नेते त्याला. बुधवारी खाडा करते कामावरचा. त्या गोलीचं नाव द्या फकस्त."

ती आशेनं बघत होती. माझ्या खोट्या आजारावर तिनं आपल्या पोराची गोळी शोधली होती. पोर तिच्या कडेवर, माझ्या पदराचं टोक चघळत.

मला आजही नीट आठवत नाही मी सुरुवात कशी केली. एवढं आठवतं की मी खाली बसले. "हिरा, मला थायरॉईड नाही," मी म्हटलं. "रिपोर्टात काही निघालं नाही. तसली गोळीही मला दिलेली नाही. साखर वाढलीय, ती माझ्या खाण्यानं आणि झोप नाही म्हणून. मी तुम्हाला खोटं वाटू दिलं."

भिंतीशी बसलेल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"रोशनला दाखवायचंच आहे," मी घाईनं म्हटलं. "लहान मुलांच्या डॉक्टरांना. जंत असतील, दुसरं काही असेल, ते बघतील. मी येते बरोबर. तू त्याला घालतेस खायला, मला पटलंय."

हिरानं रोशनला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग तिनं विचारलंच. "मंग दार लावून काय खाता?"

"खिचडीची चव घेते. वाटीभर. ती घ्यावीच लागते."

"तर दार कशाला?"

"लाज वाटते," मी म्हटलं. "तुमच्यासमोर खायची लाज वाटते मला. माझं अंग बघून तुम्ही काय म्हणाल..." पुढे बोलवेना. एवढ्या बायांसमोर, स्वतःच्या अंगणवाडीत, मी पोरासारखी हुंदके देत होते. त्या क्षणी धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

हिरानं रोशनला खाली ठेवलं. "मी बोलले व्हते गिरनीवर," ती म्हणाली. "तुमी सगल्यांसमोर याचं वजन वरडायच्या ना. मला रात्री जेवान जायचं नाय त्या दिशी."

एवढं बोलून ती वळली. मला वाटलं निघाली. पण ती आत गेली आणि खिचडीचं पातेलं दोन्ही हातांनी धरून बाहेर घेऊन आली. माझ्यासमोर ठेवलं, वाटीत खिचडी काढली आणि माझ्यापुढे बसली. बाकीच्याही सरकून जवळ आल्या.

"खा हितं," ती म्हणाली. "आमी हाय."

मी पहिला घास घेतला. तो गिळताना घशात खरोखर दुखलं. दुसरा घेतला. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मी चावत होते.

"मीठ कमी पडलंय," मी म्हटलं.

हिरा उठली आणि मिठाचा डबा घेऊन आली.